अंगवळण

एमआरआयच्या खोलीत बावीस वर्षं मी एकच वाक्य बोलते:
"डोळे मिटा. काहीच करू नका. झोपू मात्र नका."
मशीन पाथरवटासारखं ठोकत राहतं,
आणि काहीच न करणाऱ्या त्या डोक्यात
एक कोपरा दुसऱ्याशी बोलत असतो,
भिंतीपलीकडच्या शेजारणींसारखा,
काम नसलं की जास्तच.

डॉक्टर सानपांना बघायचं होतं,
हे बोलणं ऐकून आधीच सांगता येतं का
कोण लवकर शिकेल, कोण बुडेल.
काम नुसत्या बोटांचं नको,
टाचेपासून मानेपर्यंत सगळ्यांना जुंपणारं हवं.
गोदेवर शर्यतीच्या नावा होत्याच.
वीस नवशिके हवे होते, एकोणीस जमले.
विसावी मी. वय सत्तेचाळीस,
पोहता येतं, एवढीच पात्रता.

माझी रेघ मीच पडद्यावर पाहिली:
मागच्या लहान मेंदूपासून माथ्याच्या पट्टीपर्यंत
उसवलेल्या काठासारखी.
पेठच्या यमुना गावितची मात्र
मोटेच्या नाड्यासारखी पिळदार.
ती सोळा वर्षांची. नाव तिनं कधी पाहिलीही नव्हती.
सानप म्हणाले, "बघू."
चेहरा बघून झाल्यासारखा.

आनंदवल्लीच्या बंधाऱ्यामागं, पहाटे साडेपाच.
पाणवेलींमधून काढलेली पाण्याची एक पट्टी.
पलीकडच्या काठावर कुणी कपडे आपटत होतं;
हात पुन्हा वर जाई तेव्हा
आधीचा आवाज माझ्यापर्यंत पोचे.
माझंही तसंच चाललेलं.

नाव माझ्या बुडाएवढी रुंद.
काठावरून पुंजाजी सायकल हाणत ओरडायचे,
"पाय! पाठ! हात!
आता उलट! हात! पाठ! पाय!"
सहा शब्द. पहिलीतल्या पोरालाही पाठ होतील.
मलाही पाठ झाले,
पाठीला झाले नाहीत.
पायांना निरोप मिळेस्तोवर हात निघून गेलेले,
हातांना माघारी बोलवावं तर वल्हं खोल रुतलेलं.
तिसऱ्या दिवशी नदीनं मला उलटी केली
आणि शेवाळाच्या चवीचं दोन घोट पाजलं.
यमुना तोवर पुलाला शिवून आली होती.
"ताई," ती म्हणाली,
"तुम्ही अंगाला लै विचारता."

फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले.
सातव्या आठवड्यात पुंजाजींनी सायकल स्टँडवर लावली
आणि पहिल्यांदाच साध्या आवाजात म्हणाले,
"वल्हं मारून झालं ना? मग आता काहीच करू नका.
डोळे मिटा पाहिजे तर. नाव पळू द्या.
फक्त झोपू नका."

मी मिटले.
वल्ह्यांवरून थेंब पडत होते,
डावीकडचे उजवीकडच्यांच्या जरासे आधी.
म्हणजे नाव डावीकडे कललेली.
हे मला कळलं तोवर
कमरेनं सावरलंही होतं, न विचारता.

अंगवळणी पडतं, म्हणतो आपण.
पाडलं, असं सहसा कुणी म्हणत नाही.
आणि वळण कुणाचं, तेही भाषा सांगत नाही:
कवटीतल्या त्या घड्यांचं,
की सोमेश्वराकडून वाकत येणाऱ्या या पाण्याचं.

दुसरा स्कॅन झालाच नाही.
पैसे संपले, मशीनपुढे पेशंटांची रांग.
माझी रेघ आता किती जाड, मला ठाऊक नाही.
सानपांचं म्हणणं खरं ठरलं, एवढं खरं:
यमुनाला दोन दिवस, मला तीन महिने.
कागदावर त्याची दोन टिंबं आहेत.

वल्हवणारा पाठमोरा बसतो.
दिसतं ते फक्त मागं पडलेलं:
प्रत्येक फटक्यामागं दोन भोवरे,
मग पुढचे दोन, आणि पहिले विरत जाणारे.
पूर्वी त्यांच्यात हातभर अंतर असे.
आता एक माणूस आडवा मावेल.
मी तेच मोजत असते
आणि काठावरून हाक येते,
"ताई, बांध आला! मागं बघा!"

मागं, म्हणजे पुढं.
मी मान वळवते,
त्याआधीच वल्ही पाण्यात उभी राहिलेली असतात.